पाणी सगळ्यात शेवटी

ताई, या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी, कुरुळीतल्या तुझ्या पाळणाघरात, तू गेलीस. गॅसवर मुलांच्या वरणभाताचा कुकर होता. दुसरी शिट्टी झाली तेव्हा तू कट्ट्याला टेकून खाली बसलीस. तिसरी तू ऐकली नसावीस. गल्लीतले डॉक्टर लगेच वर आले. त्यांनी कारण हृदयविकाराचा झटका असं लिहिलं.

त्या वेळी तुझ्याजवळ रेखा होती, पाळणाघरातल्या ओवीची आई. तिनं गॅस बंद केला, खिडकीतून डॉक्टरांना हाक मारली, मुलांना आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं आणि मग मला फोन केला. मला सगळ्यात शेवटी कळवलं याचं तिला वाईट वाटतं. मी तिला सांगितलं, क्रम बरोबर होता.

तुझं वय, मूळ गाव, मागे कोण कोण आहे, हे निधनवार्तेत येऊन गेलं. ती मीच लिहिली. सवयीप्रमाणे पाच ओळींत बसवली आणि एक ओळ उपसंपादक म्हणून कापलीसुद्धा. कापलेली ओळ अशी होती: 'लहान मुलांनी केलेला तेलकट राडा त्या न रागावता साफ करत.' बातमीत ती बसत नव्हती. इथे बसते, म्हणून इथून सुरू करतो.

गुलाबरावांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तुझ्या दोन खोल्या. खाली गुलाबराव स्वतः राहतात, कुरुळीचे जुने रहिवासी. पहाटे चाकणकडच्या कंपन्यांच्या बसेस कोपऱ्यावर थांबायच्या आत बाया जिना चढून येत, अर्धवट झोपेतली मुलं तुझ्या खांद्यावर टाकत आणि धावत खाली जात. कुणी वायरिंगच्या लाइनवर, कुणी रबरी सीलच्या, कुणी पॅकिंगला. बहुतेक सगळ्या कंत्राटी. काही महिने काम झालं की कंपनी 'ब्रेक' देते, म्हणजे घरी बसवते, आणि मग मर्जी असेल तेव्हा पुन्हा बोलावते. लाइनवर असताना मूल तुझ्याकडे, ब्रेकमध्ये असताना मूल घरी. मुलांनाही हा शब्द कळायचा. रेखाची ओवी एकदा दूध सारून म्हणाली होती, "मला ब्रेक दे."

मुलं हातानं जेवली पाहिजेत, हा तुझा हट्ट होता. वरणभातावर तूप, आणि ते मुलांनी स्वतः कालवायचं. परिणामी कोपरापर्यंत तूप, केसांत तूप, खिडकीच्या गजांना तूप. मी चमचे आणून दिले. तू ते डाळीच्या डब्यात टाकलेस.

"अरे, चमच्यानं जेवलेल्या पोराला भात गरम आहे का गार, हे तोंडात गेल्यावर कळतं," तू म्हणालीस.

"आणि साफ कोण करणार?"

"मी. तू करतोस का?"

मी करत नव्हतो.

तुझी साफ करायची रीत ठरलेली होती. तू पूर्वी कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होतीस, तिथे तेल सांडलं की त्यावर आधी लाकडाचा भुसा टाकतात. घरी भुशाच्या जागी पीठ आलं. आधी खरवडून काढायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग पीठ टाकून थांबायचं, आणि पाणी सगळ्यात शेवटी. लोक तेलावर आधी पाणी ओततात आणि एका फरशीवरचं तेल चार फरशांवर नेतात, हे तू प्रत्येक नव्या आईला पहिल्या दिवशी सांगायचीस. खरवडायला जुन्या लग्नपत्रिका. जाड कागद, धार आहे पण कापत नाही. लग्नाचं बोलावणं आलं की तू पत्रिका आधी बोटांनी वाकवून बघायचीस, तारीख नंतर.

यंदाच्या गुढीपाडव्याला मी तुझ्याकडे पुऱ्या खायला आलो होतो. आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयाला सुट्टी होती. कंपन्यांनाही होती, पण निर्यातीचा माल अडकला होता म्हणून काही लाइन ओव्हरटाइमवर सुरू होत्या. त्यामुळे सणाच्या दिवशी तुझ्याकडे नऊ मुलं होती. रेखा निघताना दारातूनच म्हणाली, "ताई, लेकरांसाठी श्रीखंड ठेवलंय पिशवीत. सगळ्यांना द्या." आणि खाली पळाली. बसनं दोनदा हॉर्न दिला होता.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे इथे 'समजते' असं लिहायची गरज नाही.

तू पुऱ्या तळत होतीस. मी दारात मोबाइलवर बोलत होतो. ओवीनं पिशवीतून अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा डबा काढला. ती साडेतीन वर्षांची आहे, झाकणं उघडण्यात तरबेज. आत केशरी पिवळं, घट्ट, चकचकीत काहीतरी होतं. मुलांच्या हातात पुऱ्या होत्याच. त्यांनी त्या बुडवल्या.

"ताई," ओवी म्हणाली, "श्रीखंड कडू झालंय."

ते ग्रीस होतं. रेखाचा नवरा दत्ता मेंटेनन्सला आहे. मोटारसायकलच्या बेअरिंगला लावायला त्यानं दुकानातून सुटं ग्रीस आणलं होतं आणि रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात भरून ठेवलं होतं. या पट्ट्यात श्रीखंडाचा डबा कुणी फेकत नाही. त्यात नट-बोल्ट असतात, हळद असते, सुईदोरा असतो. रेखानं पहाटे अंधारात फळीवरून डबा उचलला होता. खरा डबा फ्रिजमध्ये होता.

मी वळून बघेपर्यंत मुलांनी पुऱ्या थुंकून टाकल्या होत्या आणि उरलेला माल कामाला लावला होता. दोघांनी तो केसांना चोपडला, कारण तेल केसांना लावतात. एकानं भिंतीला. ओवीनं झोळीत झोपलेल्या तान्ह्याच्या तळपायांना, अगदी मन लावून, तू रोज लावायचीस तसं.

तू गॅस बंद केलास. ओरडली नाहीस. "कुणी गिळलं?" एवढंच विचारलंस. प्रत्येकाचं तोंड उघडून बोटानं पुसून काढलंस आणि मला डॉक्टरांकडे पिटाळलंस. ते लुंगीवरच वर आले. त्यांनी तोंडं तपासली, चुळा भरायला लावल्या, डब्यातलं नाकाशी धरलं, आणि उद्यापर्यंत लक्ष ठेवा, उलटी किंवा खोकला झाला तर लगेच आणा, म्हणाले. कुणाला काही झालं नाही. हे मी दुसऱ्या दिवशी तुला दोनदा फोन करून विचारलं होतं.

मग तू साफ करायला बसलीस. माझ्याच वर्तमानपत्राची रद्दी खोलीभर अंथरलीस आणि मुलांना त्यावर ओळीनं बसवलंस.

"अग्रलेखावर बसू नको रे," तू एका मुलाला म्हणालीस, "मामा रागावेल." आणि मला म्हणालीस, "बघ, आज कुणीतरी पूर्ण पान वापरलं."

पत्रिकेनं आधी दंडावरचं, मग बोटांमधलं ग्रीस खरवडलंस. मग खोबरेल चोळलंस. तेलावर तेल कशाला, असं मी विचारलं.

"ग्रीस पाण्याचं ऐकत नाही. आपल्यातल्याचं ऐकतं," तू म्हणालीस.

जुन्या साडीच्या तुकड्यानं पुसून त्यावर डाळीचं पीठ लावलंस. मुलं पिवळी झाली. एक म्हणाला, "हळद लागली!" मग सगळ्यांना लग्न हवं झालं. तू त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्यास आणि तेवढ्या वेळात दोघांचे केस फणीनं विंचरून काढलेस. कोमट पाणी आणि साबण सगळ्यात शेवटी आलं. तोवर काढायला फारसं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. डॉक्टरांच्या चपलांनी ग्रीस पायऱ्यांवर उतरलं होतं. गुलाबराव सणाची पांढरी विजार घालून खाली उभे होते आणि त्यांनी नळाला पाइप जोडली होती.

"सरका समदे, आमी धुतो!"

"गुलाबभाऊ, पाणी नको!" तू वरून ओरडलीस.

"अवो, पाण्यानं न्हाई तर काय दुदानं धुऊ?"

त्यांनी साबणाची पावडर टाकून पाणी सोडलं आणि वर यायला निघाले. तीन पायऱ्या चढले. त्याच तीन पायऱ्या बसून उतरले. हाड मोडलं नाही, मुका मार लागला. विजारीच्या मागच्या बाजूला ग्रीसचा पंज्याएवढा डाग पडला.

"सांगितलं होतं ना," तू म्हणालीस.

"आदी सांगायचं व्हय!"

"आधीच सांगितलं."

त्यांनी उठून पाइप फेकली. "ताई, पोरांचं मला काय वाईट न्हाई. पर ह्ये पाळणाघर आता बास. उद्या कुणाचं डोस्कं फुटलं तर पोलीस माझ्या दारात येतील. वर्साचा करार हाय तवर ऱ्हावा. पुढं आमी बॅचलर पोरं ठेवणार. ती रातच्याला येत्यात, झोपत्यात, जात्यात. ग्रीस कंपनीतच ठेवत्यात."

तू त्यांची विजार मागून घेतलीस आणि रंगाऱ्याकडून थिनर आणून डाग काढायला बसलीस. डाग गेला नाही. पांढऱ्याचा पिवळा झाला आणि कड धरून बसला. तुझ्या हातून न निघालेला तो एक डाग मला माहीत आहे. खोबरेल लावून बघ, असं मी म्हणालो, तर "विजार म्हणजे पोराचं कातडं आहे का," म्हणून मला गप्प केलंस. मला अजूनही वाटतं, तिथे तू घाई केलीस.

दुपारी रेखा आली. ती दारातच बसली. तिनं घरी जाऊन फ्रिज उघडला होता.

"ताई, श्रीखंड घरी तसंच हाय वो," ती म्हणाली. तिनं ओवीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "सासूबाईला कळलं तर ओवीला घेऊन जातील हिंगोलीला. आधीच म्हणतात, हिला लेकरू सांभाळता येत नाही, नुसती कंपनी कंपनी करती. आता तर ग्रीस चारलं म्हणतील. या सगळ्याजणी काय म्हणतील? माझ्या लेकराजवळ कोण आपलं लेकरू बसू देईल?"

"कोण सांगतंय त्यांना?" तू म्हणालीस.

आणि मोबाइल घेतलास. सगळ्या आयांचा एक ग्रुप आहे, त्यावर तू बोलून संदेश पाठवलास. तो माझ्याकडेही आला, कारण मीही त्या ग्रुपवर होतो, रद्दीपुरता. त्यात तू म्हणतेस: "बायांनो, आज माझ्या हातून चूक झाली. घरात ग्रीसचा डबा होता, मी श्रीखंडाचा समजून पोरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी बघितलंय, सगळी बरी आहेत. डबा माझा होता. कुणाला पोर पाठवायचं नसेल तर मला राग नाही."

"हे खरं नाही," मी म्हणालो.

"तू पुऱ्या खा. गार झाल्या."

इथून आपला वाद सुरू झाला आणि तो मिटलेला नाही. माझं म्हणणं असं होतं की नऊ मुलांच्या आयांना खरं काय झालं ते कळायचा हक्क आहे. उद्या कुठून तरी कळलं, तर त्या तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. तुझं म्हणणं होतं की मुलांच्या तोंडात काय गेलं, डॉक्टर काय म्हणाले, हे तू त्यांना पूर्ण सांगितलंस. मुलांच्या कामाचं तेवढंच होतं.

"डबा कुणाचा, हे कळून कुणाचे हात धुतले जाणार होते?"

"पुढच्या वेळी टाळता येतं."

"ते टाळलं की. उद्यापासून प्रत्येक डबा दारात उघडून वास घेणार. माझ्या घरचासुद्धा."

हा नियम तू खरोखर केलास आणि शेवटपर्यंत पाळलास. वाद मात्र फोनवर, बसस्टॉपवर, एकदा तर कुणाच्या तरी साखरपुड्यात जेवताना, चालूच राहिला. मी एकदा म्हणालो, "तू बातमी बदललीस." तू म्हणालीस, "बातमी छापायची होती का मला? मला उद्या दार उघडायचं होतं."

तू असं का केलंस, हे मला विचारावं लागलं नाही. तुझा सागर लहान असताना तू प्रेस शॉपला होतीस आणि पाळणाघर असं कुरुळीत काही नव्हतं. तू त्याला गावी आईकडे ठेवलंस. तो शाळेत जायच्या वयात परत आला. तोवर तो माझ्या तोंडून ऐकून तुला ताई म्हणायला शिकला होता. ते कधी सुटलं नाही. आता तो ताथवड्याला राहतो, त्याला स्वतःची मुलगी आहे, आणि तीही तुला ताई म्हणते. तू यावर कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. पण पाळणाघरातल्या एकाही मुलाला तू तुला 'आई' म्हणू दिलं नाहीस. कुणी चुकून म्हणालं की म्हणायचीस, "आई कंपनीत आहे. येईल आता."

पाडव्यानंतर एकाही आईनं मूल काढून नेलं नाही. मी याचा अर्थ असा लावला की तुझं बोलणं सगळ्यांना पटलं. तसं मी तुला म्हणालोही. तू नुसती हसलीस.

पावसाळ्यानंतर रेखाला ब्रेक मिळाला. ती घरी बसण्याऐवजी तुझ्याकडे येऊ लागली. भाजी चिरायची, मुलांना झोपवायची, आणि दारात उभी राहून डब्यांचा वास घ्यायची. म्हणून त्या गुरुवारी ती तिथे होती. बुधवारी संध्याकाळी तुझा मला फोन आला होता. आपलं शेवटचं बोलणं असं: "अरुण, येताना रद्दी आण. संपली." मी सोमवारी आणतो म्हणालो.

तू गेल्यावर गुलाबरावांनी खोल्यांना कुलूप लावलं. चावी स्वतःकडे ठेवली. करार तुझ्या नावावर होता, त्यामुळे त्यांच्या बाजूनं प्रश्न मिटला होता. बॅचलर मुलं खोल्या बघून गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. आयांनी त्या दिवसांत कसं भागवलं याची मी चौकशी केली. दोघींनी रजा टाकल्या. एकीनं मूल लाइनच्या वेळेत बहिणीकडे ठेवलं, मोशीला. एकीच्या सासूनं गावाहून एसटीत बसून येते, नातवाला घेऊन जाते, असं कळवलं. रेखाला कंपनीचा फोन आला, पुढच्या महिन्यात ये म्हणून. ओवीला कुठे ठेवायचं, हे तिला माहीत नव्हतं. हिंगोलीहून फोन येऊन गेला होता.

रविवारी विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग ज्यांना बोलायचं होतं ते उठले. पहिल्या शिफ्टवरून थेट आलेल्या बाया कंपनीच्या निळ्या कोटातच मागे बसल्या होत्या. मुलं त्यांच्या मांडीवर. गुलाबरावही आले होते. त्यांनी पांढरी विजार घातली होती. बसताना डाग दिसला.

सागर उठला. तो म्हणाला, "माझी आई." मग थांबला. मग म्हणाला, "माझ्या आईला सगळे ताई म्हणायचे. मी पण." आणि खाली बसला. हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. तुला सांगायचं होतं, म्हणून लिहून ठेवतो.

मग रेखा उठली. तिच्या हातात ओवीचं बोट होतं.

"पाडव्याचा तो डबा ताईंचा नव्हता," ती म्हणाली. "माझा होता. मी अंधारात उचलला. ताईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. त्या होत्या तोवर मला बोलता आलं नाही. आता त्यांच्या नावावर ते राहू नये. तुम्हाला काय म्हणायचं ते मला म्हणा."

मग मागून सविता हसली. ती पॅकिंगला आहे, तिचा मुलगा तोच, ज्याला हळद लागली होती.

"अगं बाई, ते तर आम्हाला त्याच दिवशी माहीत होतं!"

"कसं?"

"कसं म्हणजे? माझ्या पोरानं चप्पल काढायच्या आत सांगितलं. ओवीच्या पिशवीतलं श्रीखंड घाण होतं, मी थुंकलं, मग माझं लग्न झालं."

"माझीनं तर गल्लीत सांगितलं," दुसरी म्हणाली. "ओवीनं बाळाला ग्रीसिंग केलं म्हणून."

मग सगळ्याच बोलू लागल्या. घरोघरी बोलत्या मुलांनी त्या संध्याकाळी सगळा वृत्तांत दिला होता. पिशवीच्या रंगासकट.

रेखा बायांकडे वळली. "मग बोलल्या का नाही कुणी?"

"ताई म्हणाल्या, माझा डबा," सविता म्हणाली. "त्यांनी अंगावर घेतल्यावर आम्ही काय उकरून काढायचं? आणि तुझी सासू आम्हाला ठाऊक नाही व्हय? माझी काय वेगळी आहे?"

लोक हसले. भन्तेजींनीही हसू आवरलं नाही.

ताई, माझा मुद्दा होता की खरं लपवलं तर विश्वास जातो. तुझा मुद्दा होता की खरं सांगितलं तर रेखा जाते. प्रत्यक्षात खरं कुणापासूनच लपलेलं नव्हतं आणि रेखाही गेली नाही. बाकीच्या सगळ्या जणी सगळं माहीत असून रोज पहाटे मुलं आणून सोडत राहिल्या. तुला हे माहीत होतं का? तू हसली होतीस, एवढंच माझ्याकडे आहे. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. सागरला विचारलं, त्याला माहीत नाही. गुलाबरावांना विचारलं, ते म्हणाले, "मला सुदिक ठावं व्हतं. माझ्या खिडकीखालून पोरं बोलत जात्यात." म्हणजे सगळ्यांना माहीत आहे हे न कळलेली एकटी रेखा होती. आणि मी.

तुझा आवाज माझ्या मोबाइलमध्ये त्या एकाच संदेशात आहे. बाकी आपण नेहमी फोनवर बोललो, त्याची ध्वनिफीत नाही. म्हणजे तुझ्या आवाजात माझ्याकडे उरलेलं एकमेव विधान चुकीचं आहे. मी ते पुसलेलं नाही. दुरुस्तीही सुचवणार नाही.

विहाराबाहेर चपला शोधताना गुलाबराव रेखाला म्हणाले, "आता पोरांचं कोन बगनार?"

"मी," रेखा म्हणाली.

"आन कंपनीनं बोलावलं म्हंजे?"

रेखानं मागे वळून बायांकडे पाहिलं. ती पटकन बोलली, जणू आत्ताच सुचलं असावं. "तर दुसरी येईल. मला बोलावलं तर कुणाला तरी ब्रेक मिळतोच की, काका. सगळ्यांना एकदम कामावर ठेवायची कंपनीची रीतच नाही. कुणी ना कुणी घरी असतंच. जी घरी, ती वर."

"माझा दिवाळीनंतर लागतोय," सविता म्हणाली. आजवर ब्रेकची तारीख सांगताना मी कुणाचा आवाज असा खुशीतला ऐकला नव्हता.

"समद्यांची येगळी रीत. एक पानी वतणार, एक पीठ टाकणार."

"रीत ताईंचीच," रेखा म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलीय."

गुलाबरावांनी विजारीवरची धूळ झटकली. डागावरूनही हात फिरवला. "ताईंनी लई परयत्न केला बगा, गेला न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "बगू." आणि निघून गेले. चावी त्यांच्याकडेच होती. त्या संध्याकाळी त्यांचा होकार आल्याचं मला कुणाकडूनही खात्रीनं कळलं नाही. ग्रुपवर रेखानं एवढंच टाकलं: उद्या मुलं घेऊन या, दार उघडलं तर ठीक, नाही तर मी जिन्यात बसते.

सोमवारी मी रद्दीचा गठ्ठा घेऊन पहाटेच कुरुळीला पोचलो. कोपऱ्यावर बस अजून आली नव्हती. बाया मुलांना कडेवर घेऊन गुलाबरावांच्या इमारतीत शिरत होत्या. ज्या मुलाला गावी नेणार होते, तोही त्यांच्यात होता. वरच्या दाराचं कुलूप काढलेलं होतं. रेखा उंबऱ्यात उभी राहून एकेक डबा उघडत होती आणि वास घेत होती. ओवी तिच्या शेजारी उभी राहून तेच करत होती.

खालून तिसऱ्या पायरीवर कुणाच्या तरी डब्यातलं लोणच्याचं तेल सांडलं होतं. पाइप नळाला गुंडाळून ठेवलेली होती. गुलाबराव वाकून त्या पायरीवर गव्हाचं पीठ टाकत होते.